शांततेची मुदत

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि पालघरच्या पश्चिमेला, सातपाटीच्या शेजारी वसलेल्या शिरगावसारख्या किनारी गावात ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदली जाते. त्या नोंदीवरून मिळणारा मृत्यूचा दाखला हातात आला की जमिनीपुरती पुढची वाट ठरलेली असते. वारसांचा अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जातो. गाव नमुना ६-क या वारसांच्या नोंदवहीत प्रकरण चढते. संबंधितांना नोटीस निघते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि सातबाऱ्यावरचे मयत खातेदाराचे नाव जाऊन वारसांची नावे लागतात. या वाटेवर हेलपाटे पुष्कळ पडतात आणि कित्येक कुटुंबांत आजोबांच्या नावावरची जमीन नातवंडांची लग्ने झाली तरी आजोबांच्याच नावावर राहते, हे खरे असले, तरी माणूस गेला याची दखल घेणे हे या व्यवस्थेत कोणाचे तरी काम आहे. एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत शासनाने गावोगावच्या मयत खातेदारांच्या याद्या करून त्यांचे चावडीवाचन केले, वारसांकडून कागदपत्रे मागवली आणि फेरफार घेतले. मेलेल्या माणसांची नावे शोधत दप्तर स्वतः गावात आले.

डिजिटल मालमत्तेला असा तलाठी नाही. ‘डिजिटल मालमत्ता’ या शब्दाची एकच एक व्याख्या भारतीय वारसा कायद्यात सापडत नाही, त्यामुळे येथे तो व्यापक अर्थाने वापरला आहे: जे काही पडद्यामागे साठवलेले आहे, ज्याला पैशाचे, हक्काचे, ओळखीचे किंवा आठवणीचे मोल आहे, आणि जे उघडण्यासाठी फोन, पासवर्ड किंवा सांकेतिक क्रमांक लागतो, ते सर्व. त्यात बँकेच्या ॲपवरची मुदत ठेव येते, डीमॅट खात्यातले शेअर येतात, भविष्य निर्वाह निधी येतो, ई-मेल आणि फोटोंचा साठा येतो, एखाद्याने हौसेने चालवलेली यूट्यूब वाहिनी येते, आणि ज्याला कोणी मालमत्ता मानत नाही पण जो बाकी सगळ्याची किल्ली आहे तो दहा आकडी मोबाइल नंबरही येतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट वेगळ्या संस्थेच्या ताब्यात असते, आणि त्या संस्थांपैकी बहुतेकांना आपला ग्राहक वारला हे आपण होऊन कळत नाही. त्यांना कळते ते इतकेच, की तो बरेच दिवस काही बोललेला नाही. त्या शांततेला प्रत्येकाने आपापली मुदत घालून दिली आहे, आणि या मुदती कोणत्या क्रमाने संपतात हे ठाऊक नसल्याने घरचे लोक बहुधा नेमक्या पहिल्या मुदतीलाच चुकतात.

ती पहिली मुदत सिमकार्डाची असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे नंबरावरून सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनीला तो बंद करता येतो. प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत थोडी पुढे सरकते. एकदा बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हाच प्रश्न आला तेव्हा बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला देत नाहीत, अशी भूमिका प्राधिकरणाने मांडली. व्हॉट्सॲप १२० दिवस शांत राहिलेले खाते काढून टाकते. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या २०२३ च्या सूचनेनुसार वर्षभर एकही व्यवहार न झालेला यूपीआयचा पत्ता निष्क्रिय करायचा असतो. बँक खाते दोन वर्षे ग्राहकाने हलवले नाही तर ते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते, जेथून ती वारसांना पुढे केव्हाही मागता येते. कंपनीचा लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही तर तो आणि त्यामागचे शेअरदेखील गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते, त्यातल्या पत्रव्यवहारासह आणि फोटोंसह, पुसले जाऊ शकते.

या क्रमाकडे नीट पाहिले तर त्यातली अडचण लक्षात येते. पैसा दीर्घकाळ सुरक्षित राहतो आणि कागदपत्रे आणली तर परतही मिळतो. पण त्या पैशापर्यंत नेणारा नंबर तीन महिन्यांत हातचा जाऊ शकतो, आणि आठवणींना तर परतीची वाटच नसते. घरात दहावा, तेरावा आणि महिन्याचे विधी होतात, नातेवाईक पांगतात, फोन कपाटात किंवा तसबिरीशेजारी ठेवलेला असतो, त्याचे चार्जिंग उतरलेले असते, रिचार्जची तारीख केव्हाच उलटलेली असते, आणि मग एखाद्या दिवशी सेवा केंद्रात अर्ज भरताना समोरचा मुलगा विचारतो, ओटीपी आला का. ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक, त्या नंबरावर गेलेला असतो आणि नंबर बंद असतो. येथे करण्यासारखी गोष्ट साधी आहे: नंबर लगेच बंद करू नये, त्यावर रिचार्ज चालू ठेवावा, आणि मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा व इतर वारसांचे ना-हरकत पत्र देऊन तो कंपनीकडून रीतसर वारसाच्या नावावर करून घ्यावा. कायदेशीर वारसाच्या नावे नंबर वर्ग करण्याची सोय कंपन्यांकडे असते, पण ती कोणी विचारीत नाही.

शांततेवरून मृत्यू ताडण्याची ही पद्धत समुद्रकाठी विशेष अपुरी पडते, आणि पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तिचा अपुरेपणा काल्पनिक नाही. डहाणू-तलासरी पट्ट्यातले आणि इतर किनारी गावांतले खलाशी गुजरातच्या ओखा, पोरबंदर येथील बोटींवर कामाला जातात. त्यांपैकी काहींना पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने सागरी हद्दीलगत पकडून कराचीच्या तुरुंगात ठेवले आहे, आणि अशी माणसे वर्षानुवर्षे घराबाहेर राहिली आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या समुद्रात ‘जलपरी’ या बोटीवर झालेल्या गोळीबारात केळवे-माहीमजवळच्या वडराई गावचा मच्छीमार मृत्युमुखी पडला. २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका मच्छीमाराचा कराचीच्या तुरुंगातच अंत झाला आणि त्याचा देह घरी पोहोचायला कित्येक आठवडे गेले. भारत आणि पाकिस्तान २००८ च्या कराराप्रमाणे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला आपापल्या तुरुंगांतल्या परक्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, म्हणजे घरचा माणूस हयात आहे याचा अधिकृत पुरावा वर्षातून दोनदा येतो; सिमच्या कंपनीला आणि व्हॉट्सॲपला मात्र त्या यादीशी काही देणेघेणे नसते, त्यांच्या लेखी ९० किंवा १२० दिवसांची शांतता पुरेशी असते.

कायद्याची मोजणी याच्या अगदी उलट टोकाला आहे. जो माणूस सात वर्षे कोणाच्याही ऐकिवात आला नाही, आणि हयात असता तर ज्यांना त्याची खबर साहजिकच लागली असती त्यांनाही ती लागली नाही, त्याच्याबाबत तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर येते; पूर्वीच्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ मधली ही तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १११ मध्ये आहे. वादळात बोट गेली आणि देह सापडला नाही, तर खुद्द मृत्यूचा दाखला मिळवण्यासाठीच कुटुंबाला दीर्घ झगडा करावा लागू शकतो, आणि दाखल्याशिवाय बँक, कंपनी किंवा ॲप यांपैकी कोणाचेही दार उघडत नाही. यंत्र ९० दिवसांत माणसाला विसरते, कायदा सात वर्षे त्याची वाट पाहतो, आणि या दोन टोकांच्या मधला सगळा काळ घरच्यांना स्वतःच्या तयारीवर काढावा लागतो. ती तयारी जिवंतपणी, तब्येत ठणठणीत असतानाच करून ठेवायची असते, हे किनाऱ्यावरच्या माणसांना वेगळे पटवून द्यावे लागू नये.

या तयारीत सर्वांत जास्त गोंधळ तीन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होतो: किल्ली कोणाजवळ आहे, रक्कम कोणाच्या हाती पडणार आहे, आणि ती अखेर कोणाच्या मालकीची आहे. किल्ली म्हणजे पिन, पासवर्ड, फोनचे कुलूप. रक्कम हाती पडण्याचा अधिकार नामनिर्देशनाने, म्हणजे नॉमिनी नेमल्याने, मिळतो. मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा ते नसल्यास वारसा कायद्याने ठरते. नवऱ्याचा पिन पाठ आहे म्हणून बायकोला त्याच्या खात्यातून मरणोत्तर पैसे काढण्याचा हक्क मिळत नाही. करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे एखाद्याच्या वतीने काम करण्याचा अधिकार त्या माणसाच्या मृत्यूबरोबर संपतो, आणि मुखत्यारपत्रही त्याच क्षणी निर्जीव होते. अंत्यविधीच्या खर्चासाठी फोनवरून पैसे वळते करणे घरोघरी घडते आणि त्यामागची निकड कोणी नाकारणार नाही, पण पुढे भावाभावांत वाद उभा राहिला तर हाच व्यवहार पहिला पुढे आणला जातो.

नॉमिनी आणि मालक यांतला फरक ज्या खटल्याने देशभर पक्का झाला, तो मराठी घरातला आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे २० ऑगस्ट २०१३ रोजी निधन झाले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते, आणि त्याखेरीज काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडातल्या गुंतवणुकी होत्या, ज्यांवर काही जणांची नावे नॉमिनी म्हणून लागलेली होती. कंपनी कायद्यानुसार नॉमिनीला शेअर ‘निहित’ होतात, अशी शब्दयोजना असल्यामुळे नॉमिनी हाच पूर्ण मालक होतो का, हा प्रश्न उभा राहिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या एका एकल पीठाने २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात ‘होतो’ असे म्हटलेलेही होते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये ते मत अमान्य केले आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले: नामनिर्देशन ही कंपनीच्या सोयीची व्यवस्था आहे, वारसा ठरवण्याचा तो तिसरा मार्ग नव्हे. विम्याच्या बाबतीत हेच तत्त्व त्याच न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितले होते. नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा विश्वस्त, हा अर्थ इतका स्पष्ट असूनही, ‘नॉमिनी लावला आहे, आता चिंता नाही’ हे वाक्य सुशिक्षित घरांतही ऐकू येते.

तरीही नॉमिनी लावलाच पाहिजे, कारण त्याच्याशिवाय रक्कम वर्षानुवर्षे अडकून पडू शकते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. ठेवींसाठी त्यांच्यात टक्केवारी वाटून देता येते किंवा एकापाठोपाठ एक असा क्रम ठरवता येतो, लॉकरसाठी फक्त क्रमच चालतो. डीमॅट खात्याला आणि म्युच्युअल फंडाला सेबीने २०२५ मध्ये दहापर्यंत नॉमिनींची मुभा दिली. नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नियम सुटसुटीत केले: १५ लाखांपर्यंतच्या, आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र न मागता हमीपत्र आणि इतर वारसांचे ना-हरकत घेऊन, सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. त्यापुढच्या रकमेसाठी महाराष्ट्रात न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते, आणि येथील वारस प्रमाणपत्र आजही १८२७ च्या मुंबई विनियम ८ प्रमाणे दिले जाते. दोनशे वर्षांपूर्वीच्या या नियमाने क्लाउडवरच्या संपत्तीचे वारस ठरतात.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांसाठी या सर्वांत महत्त्वाची डिजिटल मालमत्ता बहुधा भविष्य निर्वाह निधी ही असते, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष जास्त होते. निधीचे खाते एका सार्वत्रिक खाते क्रमांकावर चालते, नोकरी बदलली तरी तो क्रमांक बदलत नाही, आणि ई-नामनिर्देशन आधारशी जोडलेल्या नंबरावरच्या ओटीपीने घरबसल्या करता येते. नोकरीत असताना सभासद वारला तर निधीखेरीज कुटुंबाला निवृत्तिवेतन आणि ठेव संलग्न विमा योजनेचे जास्तीत जास्त सात लाख रुपये मिळू शकतात, हे कित्येक घरांना दावा करण्याची वेळ येईपर्यंत माहीत नसते. निधीच्या १९५२ च्या योजनेत एक अट आहे, जिच्याकडे तरुण कामगारांनी लक्ष द्यायला हवे: कुटुंब नसताना कोणाच्याही नावे केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर निष्प्रभ ठरते, त्यामुळे लग्नानंतर ते नव्याने करावे लागते. वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले पुष्कळ आहेत. त्यांची सगळी वही फोनमध्ये असते, खोलीवर सोबत राहणाऱ्यांना त्यांच्या घरचा पत्ताही नीट माहीत नसतो, आणि अशा माणसाचे काही बरेवाईट झाले तर त्याचा निधी क्रमांक गावाकडे कोणाला कळणार, हा प्रश्न त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनी भरतीच्या दिवशीच विचारायला हवा.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात १९५६ च्या उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पुरुषाचे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात. वडील त्यात नसतात, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. मुस्लीम कुटुंबात मृत्युपत्राने सामान्यतः एकतृतीयांश संपत्तीचीच विल्हेवाट लावता येते. पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाची बाब ही, की १९५६ चा अधिनियम त्याच्या कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी ही माणसे या जिल्ह्यात मोठ्या संख्येने राहतात, त्यांच्यातल्या तरुणांच्या हातात तेच फोन आणि तीच ॲप आहेत, परंतु त्यांचा वारसा रूढीप्रमाणे ठरतो, आणि ती रूढी यूपीआयच्या शिलकीला किंवा वारली चित्रांच्या ऑनलाइन विक्रीतून आलेल्या पैशाला कशी लागू करायची, याचा विचार अजून पाड्यापर्यंत पोहोचलेला नाही. चित्रांच्या बाबतीत तर रकमेपलीकडचा हक्कही असतो: प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या निर्मितीचा प्रताधिकार वारसांकडे राहतो, मग ते चित्र भिंतीवर असो की फोनमध्ये.

पैशाला निदान कायदा आहे. पत्रे, फोटो आणि संभाषणे यांच्यासाठी सध्या कंपन्यांनी देऊ केलेल्या सोयींवरच विसंबावे लागते. गूगलने एप्रिल २०१३ मध्ये निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थापनाची सोय आणली. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन किती महिन्यांची शांतता मृत्यूसमान मानायची ते वापरणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते, पर्याय तीन, सहा, बारा आणि अठरा महिन्यांचे असतात. मुदत संपण्याआधी गूगल त्या माणसाला संदेश पाठवून विचारते, आणि उत्तर आले नाही तर त्याने आधी नेमलेल्या दहापर्यंत माणसांना कळवून, ज्याला जे द्यायचे ठरले असेल ते उतरवून घेण्याची मुभा देते. नेमलेल्या माणसाचा फोन नंबरही तेथे नोंदवावा लागतो. जहाजावर किंवा दूरच्या मासेमारीवर महिनोन्‌महिने असणाऱ्याने येथे तीन महिन्यांचा पर्याय निवडू नये, बारा किंवा अठरा निवडावा, एवढी काळजी पुरेशी आहे. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून वारस-संपर्काची सोय दिली आहे: पाचपर्यंत माणसे नेमता येतात, प्रत्येकासाठी एक प्रवेशकिल्ली तयार होते, ती आणि मृत्यूचा दाखला दिला की तीन वर्षे खात्यातला मजकूर पाहता येतो आणि नंतर खाते कायमचे जाते, साठवलेले पासवर्ड मात्र दिले जात नाहीत. फेसबुकवर २०१५ पासून वारस नेमता येतो, त्याला स्मृतिपृष्ठ सांभाळता येते, खाजगी संदेश वाचता येत नाहीत. व्हॉट्सॲपमध्ये वारस नेमण्याची सोय नाही, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांची शेवटची संभाषणे नेमकी तेथेच असतात.

आभासी चलनाबाबत सोय-गैरसोयीचा प्रश्नच उरत नाही. ज्याने बिटकॉइनसारखे चलन बाजारपेठेच्या खात्यात न ठेवता स्वतःच्या पाकिटात ठेवले असेल, त्याची मालकी बारा किंवा चोवीस शब्दांच्या एका मालिकेत असते आणि ती मालिका हरवली तर जगातले कोणतेही न्यायालय ती परत देऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असे चलन ही मालमत्ता आहे असे मानले, परंतु हक्क मान्य झाल्याने कुलूप उघडत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे वारलेल्या गेराल्ड कॉटन या कॅनेडियन माणसाच्या ‘क्वाड्रिगा’ या बाजारपेठेतले ग्राहकांचे कोट्यवधी डॉलर त्याच्याबरोबर गेलेल्या पासवर्डमुळे अडकल्याचे प्रथम सांगितले गेले. पुढच्या चौकशीत त्यातला मोठा भाग त्याने हयातीतच लुबाडल्याचे निष्पन्न झाले. सर्व किल्ल्या एकाच माणसाजवळ असल्या की त्याच्या मागे नुकसान आणि लबाडी वेगळी करून दाखवणेही कठीण होते.

या सर्वांवरचा व्यवहार्य उपाय वहीचा आहे, आणि तो मृत्युपत्राहून वेगळा ठेवला पाहिजे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मृत्युपत्राला लागू नाही, म्हणून केवळ डिजिटल सहीने केलेले किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेले मृत्युपत्र सर्वसामान्य माणसाच्या बाबतीत उपयोगाचे नाही, ते कागदावरच हवे. नोंदणी ऐच्छिक असली तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून घेणे शहाणपणाचे ठरते. मात्र नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची नक्कल मागणाऱ्या कोणालाही मिळू शकते, आणि एवढ्या एका कारणासाठी त्यात पासवर्ड कधीही लिहू नयेत. मृत्युपत्रात ‘माझ्या ई-मेल, फोटो व इतर ऑनलाइन खात्यांची व्यवस्था अमुक व्यक्तीने स्वतंत्र यादीप्रमाणे करावी’ एवढे वाक्य आणि व्यवस्थापकाचे नाव पुरते.

यादी मात्र तपशीलवार हवी. शाळेच्या वहीचे एक पान आडवे धरून रकाने आखले तरी काम होते: पहिल्या रकान्यात खाते किंवा ॲप, दुसऱ्यात ते कोणत्या नंबराशी व कोणत्या ई-मेलशी जोडलेले आहे, तिसऱ्यात नॉमिनी कोण, चौथ्यात कर्ज किंवा दरमहा आपोआप कापला जाणारा हप्ता असेल तर त्याची तारीख, आणि शेवटच्या, रुंद रकान्यात त्या खात्याचे काय करावे याची इच्छा: ठेवावे, बंद करावे, फोटो मुलीला द्यावेत, संभाषणे कोणी वाचू नयेत. किनाऱ्यावरच्या घरात याच पानावर बोटीची नोंदणी, मच्छीमार संस्थेचे सभासदत्व, डिझेल परताव्याचे खाते हेही यावे. फोनचे कुलूप आणि ई-मेलचा पासवर्ड, हे दोनच, वेगळ्या लखोट्यात बंद करून वहीपासून दूर ठेवावेत, कारण बाकी बहुतेक कुलपे या दोहोंच्या आधारे उघडतात. बँकेचा पिन कोठेच लिहू नये, त्याची वारसाला गरज नसते. लक्ष्मीपूजनाला वही पुजण्याची रीत ज्या घरात आहे, तेथे त्याच दिवशी हे पान तपासून तारीख घालता येईल, कारण नंबर आणि खाती वर्षाच्या आत बदलतात आणि जुनी यादी माणसाला चुकीच्या दारी नेते.

शेवटच्या रकान्यातला ‘कोणी वाचू नये’ हा शेरा हलका समजू नये. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ जुलै २०१८ रोजी, रेल्वेखाली मृत्यू पावलेल्या १५ वर्षांच्या मुलीचे फेसबुक खाते तिच्या आईवडिलांना खुले करण्याचा आदेश दिला आणि डायरी व पत्रे जशी वारसांकडे जातात तसेच हेही जाते, असे कारण दिले. तो आदेश त्या आईवडिलांच्या दुःखाला न्याय देणारा होता, पण संभाषणात दुसरी माणसेही असतात आणि त्यांनी आपले बोलणे मयताच्या घरच्यांसाठी लिहिलेले नसते. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १४ ने प्रथमच आपल्या माहितीवरील हक्क मरणोत्तर बजावण्यासाठी माणूस नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात यायच्या आहेत. ‘विदा’ म्हणजे येथे व्यक्तीसंबंधी साठवलेली कोणतीही माहिती. हे नामनिर्देशन मृत्यूखेरीज असमर्थतेतही लागू होते, आणि असमर्थतेची व्याख्या कायद्याने मनाची विकलता किंवा शरीराची दुर्बलता अशी केली आहे.

कराचीच्या तुरुंगातला पालघरचा खलाशी मेलेला नसतो, वेडा नसतो आणि अंथरुणालाही खिळलेला नसतो, त्यामुळे तो या व्याख्येत कोठेच बसत नाही. तो सुटून येईपर्यंत दर जानेवारीत आणि जुलैत याद्यांची देवाणघेवाण झाली की त्याची चौकशी करायची, आणि मधल्या महिन्यांत त्याचा फोन चार्ज करून नंबरावर रिचार्ज टाकायचा, अधूनमधून त्यावरून एखादा फोन लावायचा आणि नंबर चालू ठेवायचा, एवढेच घरच्यांच्या हाती राहते.